एकच हाक, दोन अर्थ

ऑक्टोबर २०२०. पावसाळ्यात बंद असलेलं ताडोबाचं गाभा क्षेत्र पुन्हा उघडलं होतं आणि लॉकडाऊनला कंटाळलेली माणसं वाघ पाहायला मोहर्लीच्या गेटवर येऊ लागली होती. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या राजुरा तालुक्यात, लोक वाघ दिसू नये म्हणून नवस बोलत होते. वनखात्याच्या कागदावर ‘आरटी-१’ असं नाव असलेल्या एका वाघानं २०१९पासून तिथल्या किमान आठ जणांचा जीव घेतला होता.

अशा दिवसांत पुण्याचा एक भाचा राजुऱ्याजवळ मामाकडे आला. हातात नवा कॅमेरा, हातभर लांब लेन्स. आल्या आल्या त्यानं मोहर्लीची सफारी गाठली.

सकाळच्या फेरीत बांबूच्या रांजीतून सांबर ओरडलं. गाईडनं हात वर केला, चालकानं जिप्सी बंद केली. सांबर उगीच ओरडत नाही. चितळ एखाद वेळी फसतं, सांबर सहसा फसत नाही. गाईड मोहर्लीकडचाच पोरगा, त्यानं पुढं काहीच सांगितलं नाही, नुसता कान लावून बसला. भाच्याला पाच मिनिटंही निघेनात. “बाकीच्या गाड्या तिकडं पळतायत, आपण इथं काय करतोय? चला हो!” पैसे भरणारा तो, गाईडनं चालकाकडं पाहिलं आणि गाडी निघाली. तिकडं काहीच नव्हतं. परत आले तेव्हा त्यांच्याच गाडीच्या चाकोरीवर, टायरच्या नक्षीवर नक्षी उमटावी तसे, वाघाचे ताजे ठसे होते. चार बोटं, मागं रुंद गादी, कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

“हाक आली की थांबायचं असतं सर,” एवढंच गाईड म्हणाला.

भाच्यानं ते मनावर घेतलं. शिकणारा मुलगा होता, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

दोन दिवसांनी तो मामाबरोबर वावरात गेला. कापसाची पहिली वेचणी चालू होती. बाया घोळक्यानं कामाला लागल्या होत्या, कमरेला ओट्या बांधलेल्या, एक जण धुऱ्यावर डबा घेऊन राखणीला. वेचणीत वाकावंच लागतं. वाकलेल्या माणसावर वाघ धावतो असं इकडं जाणती माणसं सांगतात, म्हणून दर थोड्या वेळानं कोणीतरी ताठ उभी राहून नाल्याकडं पाही आणि मोठ्यानं काहीतरी बोले. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, पण नजर बोंडावर कमी आणि नाल्यावर जास्त.

तेवढ्यात नाल्याकाठच्या झाडावरून वानराची ‘खक्’ आली. मग पुन्हा, आणखी कडक.

डबा वाजला. बाया अर्धवट भरलेल्या ओट्यांसह एकत्र आल्या, एकीनं दुसरीचं नाव घेऊन मोजणी केली आणि ओरडत, हातवारे करत गावाकडं निघाल्या. वेचलेल्या कापसाचं गाठोडं तिथंच पडलं. मामांनी त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

भाचा मात्र उभा. मोहर्लीचा धडा त्याला तोंडपाठ होता. लेन्स नाल्याकडं रोखून तो म्हणाला, “मामा, हाक आली की थांबायचं असतं. या वेळी मी घाई करणार नाही.”

मामांनी त्याची कॉलर धरली. “बाबू, ते वानेर तुझ्या फोटोसाठी नाही बोंबलून रायलं. आपल्या लेकरायले सांगून रायलं, पळा म्हणून. चाल!”

“पण तिथं गाईड म्हणाला...”

“तिथं तू गाडीत व्हता.”

घोळक्यातली एक म्हातारी मागं वळली. “तुले वाघ पाह्याचा हाय, पोरा. आमाले घरी जायाचं हाय.”

भाच्यानं कॅमेरा खाली केला. रस्ताभर तोही बायांबरोबर ओरडत आला. गळा पहिल्यांदाच एवढा मोकळा केला असावा. नाल्यात वाघ होता, बिबट होता की नुसतीच वानरांची भीती, ते कोणाला कळलं नाही. मोहर्लीत अशी फेरी ‘वाया गेली’ म्हणतात. इथं संध्याकाळी सगळ्या चुली पेटल्या.

वनखात्याची पथकं, कॅमेरे, पिंजरे यांची धडपड महिनोन् महिने चालू होती. अखेर २७ ऑक्टोबरला आरटी-१ जेरबंद झाला आणि नागपूरला गोरेवाड्याला गेला. दुसऱ्या दिवशी बायांनी वेचणीचा दर किलोमागं रुपयानं वाढवून मागितला. मामांनी कुरकुर केली आणि दिला.

घोळका मात्र मोडला नाही. एक वाघ गेला म्हणून जंगल रिकामं होत नाही, हे त्या बायांना कोणी सांगावं लागत नाही. राजुरा-विरूरच्या बाजूला कधी गेलात आणि ओटी बांधलेल्या एखाद्या बाईनं “मागं फिरा जी” म्हटलं, तर कारण विचारत उभे राहू नका. आधी फिरा, मग विचारा.