मागे जड, पुढे हलके

कॉर्डलेस बागयंत्रांची खरी अडचण वजनाची आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटरीत २०० वॅट-तासांच्या आसपास. इंजिन त्यातली बरीच ऊर्जा उष्णतेत घालवते हे धरले तरी तफावत मोठीच उरते. मेंदीचे कुंपण छाटायचे यंत्र हात लांब करून धरावे लागते आणि मुठीशी बसवलेल्या बॅटरीचा भार थोड्याच वेळात खांद्याला जाणवू लागतो. अंगावर घालायचा हार्नेस हा त्यावरचा तोडगा. बॅटरी पाठीवर किंवा कमरेला बांधायची, तिची केबल यंत्रापर्यंत न्यायची आणि केबलच्या टोकाचा अडॅप्टर बॅटरीच्या रिकाम्या खाचेत बसवायचा. कंबरपट्टा नीट आवळला की बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो. एकूण वजन यात कमी होत नाही. मोठी बॅटरी, पट्टे आणि केबल मिळून ते वाढतेच. बदलते फक्त त्याची जागा. फवारणीच्या बॅटरी पंपामुळे पाठीवरची बॅटरी महाराष्ट्रातल्या शेतमजुरालाही आता नवी राहिलेली नाही, फक्त तिथे तिच्या जोडीला टाकीतले औषधाचे पाणीही पाठीवरच असते.

भार मागे नेऊन पुढचे टोक हलके करण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि तिच्यावरचा नैतिक आक्षेपही जुना आहे. ‘च्वांग-त्झू’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एका म्हाताऱ्या माळ्याची गोष्ट येते. तो भुयारातून विहिरीत उतरतो, घागर भरून वर आणतो आणि वाफ्यांना पाणी घालतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झ-कुंग त्याला एक लाकडी साधन सुचवतो. त्याचे मागचे टोक जड आणि पुढचे हलके असते, आणि एका दिवसात त्याने शंभर वाफे भिजतात. माळी आधी संतापतो, मग हसतो. यंत्र आले की यंत्राचे व्यवहार येतात आणि त्यामागून यंत्रासारखे मन येते, असे त्याने गुरूकडून ऐकलेले असते. ते साधन त्याला ठाऊक आहे, पण वापरायची लाज वाटते.

गोष्ट सहसा इथेच थांबवून सांगितली जाते, मूळ ग्रंथात मात्र ती पुढे जाते. त्झ-कुंग खजील होऊन परततो तेव्हा कन्फ्यूशियस म्हणतो की त्या माळ्याला एक कळते, दोन कळत नाहीत. तो आतले सांभाळतो, बाहेरचे नाही. या शेऱ्याच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी माळ्याच्या भूमिकेतली फट उघड आहे. घागर हीसुद्धा घडवलेली वस्तू आहे आणि भुयार तर श्रम वाचवण्यासाठीच खोदलेले असणार. रेघ त्यानेही कुठेतरी ओढलेलीच आहे; ती तिथेच का, हे तो सांगत नाही.

विहिरीवरच्या त्या साधनात आणि हार्नेसमध्ये एक मोठा फरक आहे. तिथे भार खांबावर होता आणि दोर सोडला की माणूस मोकळा होई. हार्नेसमध्ये तो खांब माणूसच आहे. त्यामुळे यंत्राने मन बिघडते का, या प्रश्नाआधी शरीर कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होते, हा प्रश्न उभा राहतो.

विसाव्या शतकातल्या युरोपीय तत्त्वज्ञानाने या प्रश्नावर बरेच काम केले. हायडेगरने १९२७ च्या ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथात दाखवले की हातोडी चालत असताना हातोडी म्हणून जाणवत नाही. ती मोडली किंवा जड वाटली की समोर येते. मर्लो-पाँतीने १९४५ साली अंधाच्या काठीचे उदाहरण घेतले: सवय झाल्यावर त्याला मुठीतली काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो. छाटणी यंत्राच्या पात्यालाही हे लागू पडते. जाड फांदी आली की ती पात्यापाशीच कळते. बॅटरीला मात्र ते लागू पडत नाही. तिच्यातून काहीच कळत नाही. ती पाठीवर निव्वळ ओझे म्हणून असते. अवजार शरीरात सामावते, इंधन सामावत नाही, असा भेद इथे करावा लागतो आणि वरच्या दोन्ही विवेचनांत तो पुरेसा येत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायातली मांडणी निराळी आहे. तिथे शरीराला क्षेत्र म्हटले आहे, पण क्षेत्राच्या मोजदादीत इंद्रियांचे पाच विषय येतात, तसे सुख आणि दुःखही येतात. म्हणजे पाठ, पट्टा आणि पट्ट्याचा काच ही तिन्ही एकाच बाजूला पडतात आणि जाणणारा दुसऱ्या बाजूला. पाश्चात्त्य विचाराला जी रेघ महत्त्वाची वाटते ती इथे क्षेत्राच्या आतली किरकोळ रेघ ठरते. हे उत्तर खोल आहे, पण काम किती वेळ करावे याविषयी ते काही सांगत नाही.

वेळेचा प्रश्न हार्नेसपुरता तरी टाळता येत नाही. आधी दोन गोष्टी काम थांबवत: दंड भरून येणे आणि चार्जिंग संपणे. हार्नेस दोन्ही पुढे ढकलतो. पण यंत्राचा कंप मुठीतच राहतो, आणि त्याची इजा तीव्रतेबरोबर कालावधीवरही अवलंबून असते. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या कंपाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ठरवली आहे: उपाय योजण्याची पातळी २.५ आणि कमाल ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. खांदा दुखेनासा झाला म्हणून बोटे सुरक्षित झाली असे होत नाही. जास्त वेळ काम झाले तर त्यांचा धोका वाढतोच.

गांधींनी १९२४ साली एका संभाषणात यंत्रांना सरसकट विरोध असल्याचे नाकारले. शरीर हेही एक नाजूक यंत्रच आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले. आक्षेप होता तो श्रम वाचवण्याच्या वेडावर, कारण त्यात वाचलेल्या श्रमाचा लाभ मोजक्यांना मिळतो. या कसोटीवर एकच हार्नेस दोन वेगळी उत्तरे देतो. स्वतःची बाग राखणारा माणूस कंटाळला की बक्कल सोडतो. रोजावर आलेल्या माळ्याच्या बाबतीत बॅटरी केवढी घ्यायची आणि ती संपेपर्यंत किती कुंपण छाटून व्हायला हवे, हे तिचे पैसे देणारा ठरवतो.