मृतांची फिर्याद

वडील नौकेच्या अपघातात दगावल्यामुळे अंगावर येऊन पडलेल्या ईसी या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेतून विल्यम गेन्स याने, अल फेल्डस्टाइन या लेखक-संपादकाच्या साहाय्याने, १९५० साली ज्या तीन भयकथा-चित्रमालिका सुरू केल्या, त्यांतील पुष्कळ गोष्टींचा साचा ठरलेला असे : कोणी लोभी वारस वा निर्दय मालक एखाद्याचा जीव घेतो, फौजदाराचा ससेमिरा चुकवितो, आणि मग ज्याचा बळी गेला तोच कुजलेल्या देहानिशी दाद मागावयास थडग्यातून उठतो. दहा सेंटांना मिळणाऱ्या या अंकांना तत्कालीन सभ्य समाजाने विकृत ठरविले. मला मात्र त्यांत एक गंभीर न्यायविचार दिसतो.

१९५२ मधील ‘पोएटिक जस्टिस’ ही कथा पाहावी. ॲबनर इलियट नावाचा एक वृद्ध कचरेवाला, भंगारातून खेळणी करून मुलांना वाटणारा, शेजारच्या धनिक बापलेकांच्या डोळ्यांत सलतो. ते त्याची कुत्री उचलून नेववितात, त्याची नोकरी घालवितात, आणि अखेरीस व्हॅलेंटाइन दिनी त्याला टपालाने विषारी शब्दांची शुभेच्छापत्रे धाडतात, तेव्हा तो गळफास घेतो. वर्षाने तो परततो आणि अपराध्याचे काळीज काढून, त्याला त्या पत्रांच्याच धर्तीचे पद्य जोडून ठेवतो. ग्रॅहम इंगल्सच्या कुंचल्यातून उतरलेले प्रेत, मांसाचे धागे लोंबणारे आणि ओठांतून लाळ ओघळणारे, बीभत्स आहे खरे. परंतु त्या बापलेकांनी कोणत्या कलमाचा भंग केला होता? तक्रार रीतसर, बडतर्फीची तजवीज रीतसर, पत्रे टपालहशील भरून पाठविलेली. ज्या अन्यायाची नोंद कोणत्याही कचेरीच्या दप्तरी होऊ शकत नाही, त्याची फिर्याद कोणापुढे गुदरावयाची, हा प्रश्न ते प्रेत विचारते.

सर्वच कथांना ही उंची लाभली नाही. ‘फाउल प्ले’मध्ये प्रतिस्पर्ध्याला विषाने मारणाऱ्या बेसबॉलपटूच्या अवयवांनीच त्या मृताचे सहकारी रात्री खेळ मांडतात, तेथे शासन करणारे जिवंत आहेत, त्यांच्या हर्षात वाचकही सामील होतो, आणि न्यायाची जागा केवळ क्रौर्य घेते. मुलांच्या हाती असे पान पडू नये, ही पालकांची काळजी मी खोटी म्हणणार नाही.

हीच काळजी सरकारदरबारी पोहोचली, आणि २१ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्सची जबानी झाली. कुऱ्हाड आणि स्त्रीचे छिन्न मस्तक असलेले मुखपृष्ठ दाखवून, हे सुरुचीला धरून आहे काय, असे सिनेटर कीफॉव्हर यांनी विचारले; भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे तो उत्तरला आणि लोकमत त्याच्यावर उलटले. त्याच वर्षी प्रकाशकांच्या संघटनेने केलेल्या संहितेने चालत्या प्रेतांना मज्जाव केला, अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे असे फर्माविले, आणि पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काहीही छापण्यास बंदी केली. अपराध्याला शासन तर गेन्सच्या कथांतही होत असे. नियमकर्त्यांना नकोसे झाले ते सरकारदरबाराबाहेरून येणारे शासन, आणि ॲबनरसारख्यांना त्यांच्या व्यवस्थेत वालीच उरला नाही.

पुढे १९५६ च्या एका अंकासाठी गेन्सने वर्णद्वेषाविरुद्धची आपली एक जुनी विज्ञानकथा पाठविली, तेव्हा संहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी, जे पूर्वी स्वतः मॅजिस्ट्रेट होते, तिच्यातील अंतराळवीर कृष्णवर्णीय असण्यालाच हरकत घेतली. गेन्सने एक रेषाही न बदलता ती छापली. तो ईसीचा अखेरचा चित्रकथा-अंक ठरला.