ओळंबा आणि लहान एफा

पाठ : आमोस ७:७–९, ८:४–७



भिंत सरळ आहे किंवा नाही हे गवंडी नुसत्या नजरेने ठरवीत नाही; तो ओळंबा सोडतो. ओळंबा भिंतीची भीड धरीत नाही, आणि भिंत कलली म्हणून तोही कलत नाही. तकोवा गावचा आमोस, जो मेंढरे राखीत असे व उंबराच्या झाडांची निगा करीत असे, त्यास परमेश्वराने दृष्टांतात असाच ओळंबा दाखविला, आणि तो आपण आपल्या इस्राएल लोकांमध्ये लावणार असे सांगितले.

इ. स. पूर्वी ७६० च्या सुमारास इस्राएलाचे वरवर पाहता बरे चालले होते. योवाशाचा पुत्र यराबाम याने ४१ वर्षे राज्य केले व गेलेला मुलूख परत मिळविला. शोमरोनात श्रीमंत लोक हस्तिदंती पलंगांवर निजत, इ. स. १९३० नंतर तेथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे सापडले आहेत. बेथेलात यज्ञ, सण व गायन यांस खळ नव्हता. मग उणे काय होते? माप उणे होते. धान्य विकणारे शब्बाथ केव्हा सरतो याची वाट पाहत. ते एफा लहान करीत, म्हणजे गिऱ्हाइकास धान्य कमी मिळे. शेकेल जड करीत, म्हणजे त्याजपासून रुपे अधिक तोलून घेत. वर गव्हाची चाळणही त्यातच खपवीत. एका पायतणाच्या जोडासाठी दरिद्री मनुष्य विकला जाई.

त्यांस आज्ञा ठाऊक नव्हती असे नाही. खरा एफा व खरी वजने ठेवावी असे मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे. त्यांनी ती आज्ञा नाकारली नाही. त्यांनी ती पवित्रस्थानात ठेविली आणि बाजारात मात्र येऊ दिली नाही.

याचे फळ काय झाले? प्रथम त्यांचे कान गेले. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसास देशाबाहेर जाण्यास सांगितले. कारण ज्यास भिंत सरळ करावयाची नाही, त्यास ओळंबा नकोसा होतो. नंतर विश्वास गेला. यराबामाच्या मागे थोड्याच वर्षांत जखऱ्या, शल्लूम, पकह्या व पेकह असे चार राजे आपल्याच लोकांच्या हातून मारले गेले. जेथे शेजारी शेजाऱ्यास मापात फसवितो, तेथे सिंहासनाभोवती तरी इमान कोठून राहणार? शेवटी देश गेला. अश्शूरी सैन्याने ३ वर्षे वेढा घातला, आणि इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. भिंत एका दिवसात कोसळलेली दिसली; परंतु ती फार दिवसांपासून कलत आली होती.

बंधूंनो, आम्हांजवळ एफा नाही. पण तराजू आहे, दुधाचे भांडे आहे, मजुराचा हिशेब आहे. रविवारी मंदिरात मोठ्या आवाजाने गाणाऱ्याने सोमवारी दुधात पाणी घातले, अथवा विधवेची दोन दिवसांची मजुरी बुडविली, तर त्याचे गाणे परमेश्वर कोठे ठेवील? गावातील लोक आमची उपासना क्वचितच पाहतात. आमचे माप ते रोज पाहतात. आमच्या मापावरूनच ते आमच्या प्रभूची पारख करितात.

तरी ओळंबा दाखविणारा देव भिंत पाडण्यास उतावीळ नसतो. त्याने आमोसास पाठविले ते लोक वळावे म्हणूनच. यरीहोच्या जक्कयाच्या घरी प्रभू येशू गेला, तेव्हा त्या जकातदाराने केवळ अश्रू ढाळिले नाहीत. ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. खरा पश्चात्ताप असा हातांपर्यंत पोहोचतो.

म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वी आपण प्रत्येकाने घरी जाऊन आपले माप तपासावे, आणि ज्याचे उणे दिले असेल त्याचे पुरे करावे. दयाळू पिता आपणां सर्वांस तसे मन देवो. आमेन.