संयमाचे मोल

म्हैसूर संस्थानाच्या काळी बंगळूरभोवतीच्या तळ्यांवर हिवाळी बदकांची शिकार होत असे. १२ बोअरची रूढ बंदूक सोडून २० बोअरची घ्यावी, असे काही शिकारी मानतात. बोअरचा आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते, छरेही कमी मावतात. पक्ष्याला निसटण्याची संधी मिळते, ही त्यामागील उदार भावना.

ह्या औदार्याचे मोल कोण देतो, असा प्रश्न आम्हांस पडतो. पक्षी जवळ असेल तर लहान नळीही पुरते. दूरच्या बदकावर किंवा थोराड हंसावर मात्र छरे विरळ पडतात. तो मरत नाही, जायबंदी होऊन लव्हाळ्यांत दडतो. संयम शिकाऱ्याच्या खाती जमा होतो, वेदना पक्ष्याच्या नावे पडते. लहान बंदूक घेणाऱ्याने पक्षी टप्प्यात येईपर्यंत चाप ओढू नये, हाच तिचा खरा धर्म.

भरतपूरला १९३८ साली एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्यापुढे लहान नळी सात्त्विक भासते. परंतु अधिक क्रूर कोणी दाखविल्याने आपली कृती दयाळू ठरत नाही.

१९७२ चा कायदा व १९९१ ची दुरुस्ती यांनी ही शिकार बंद झाली. प्रश्न उरलाच आहे. गरजूस अर्धीच मंजुरी देऊन काटकसरीचे समाधान मानणारा अधिकारी आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. मर्यादा आपली आणि किंमत दुसऱ्याची, अशा व्यवहारास संयम म्हणावे काय?