शिंगाड्याचे दिवस

21 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, म्हणजे एकेकाळच्या मठाच्या बागेच्या जागी, ‘कॉमन ग्राउंड’ संस्थेने पहिला ‘ॲपल डे’ भरवला. बाजारातून मागे पडलेल्या स्थानिक सफरचंदांची लोकांना पुन्हा ओळख व्हावी, हा हेतू. आता कितीतरी जुन्या बागांत स्वयंसेवकच हा दिवस साजरा करतात.

आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातली शरदातली बाग मात्र फुलते ती पाण्यात!

गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे तलाव बांधले; लोक त्यांना आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पावसाळ्यात ढिवर कुटुंबं त्यांत शिंगाड्याच्या वेली लावतात. दिवाळीच्या सुमाराला तोडणी ऐन भरात येते. तरंगती पानं उलटायची, खालचं फळ अलगद खुडायचं. शिंगं अणकुचीदार, जरा लक्ष चुकलं की बोटात रुतलीच.

कोवळा शिंगाडा कच्चाच गोड लागतो. उकडलेल्याचं काळं साल दातांनी फोडावं लागतं, आणि वाळवलेल्याचं पीठ उपवासाला पुण्यामुंबईपर्यंत जातं.

तलावाच्या पाळीवर ‘ॲपल डे’सारखा शिंगाड्याचा दिवस भरवायचा, तर चूल, मोठं पातेलं आणि गावातली चार हौशी पोरं एवढी तयारी पुरेल.