शंका आणि सामर्थ्य



काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. काशीच्या अशाच मराठी विद्वत्समाजात गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात नीळकंठशास्त्री गोरे वाढले. त्यांचा जन्म १८२५ चा. ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले.

अशी चरित्रे सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. सत्य सापडले, आता शांतीच शांती, असे आपण गृहीत धरतो. गोऱ्यांचा खरा झगडा मात्र येथून पुढेही चालू राहिला. आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई १८५३ साली जन्मलेल्या तान्ह्या मुलीला मागे ठेवून निवर्तल्या. ती मुलगी परक्या घरी, परक्या देशात वाढली. या सर्वांहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या तर्कनिष्ठ बुद्धीला पडणाऱ्या शंका. त्यांनी या पंडिताचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या मनात शंका आहेत त्याने इतरांना विश्वासाची वाट दाखवावी काय? हा दांभिकपणा नव्हे काय?

शंका नसल्याचा आव आणणे हा दांभिकपणा खरा. परंतु आपली शंका प्रभूपुढे उघडी करणे म्हणजे प्रामाणिकपणाच होय. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील तो पिता आठवा. आजारी मुलासाठी आलेल्या त्या बापाने आपला विश्वास आणि आपला अविश्वास हे दोन्ही एकाच आक्रोशात येशूच्या पायांशी ठेवले. प्रभूने त्याला आधी मनातील सर्व शंका दूर करून ये, असे सांगितले नाही; त्याचा मुलगा बरा केला.

विश्वास हा केवळ बुद्धीचा निष्कर्ष असता तर एका शंकेनेही तो ढासळला असता. पण विश्वास म्हणजे एका व्यक्तीला धरून राहणे. पावसाळ्यात गंगेला पूर येतो तेव्हा घाटाला बांधलेली होडी स्थिर नसते. ती हेलकावे खाते, कधी घाटावर आपटतेही. दोर पूर थांबवीत नाही. तो होडीला वाहून जाऊ देत नाही, एवढेच. विश्वासाचे सामर्थ्यही असेच आहे.

गोरे असेच धरून राहिले. १८७० साली त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. प्रार्थना, प्रभुभोजन, लेखन आणि जिज्ञासूंशी चर्चा हा त्यांचा नेम राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्या निर्णयात गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. रमाबाईंच्या चिकित्सक मनाला शंका ठाऊक नसलेला उपदेशक काय सांगू शकला असता? ज्या जखमेने गोरे स्वतः तळमळले, तिच्यामुळेच त्यांना दुसऱ्याची वेदना कळली. आणि दूर वाढलेली ती मुलगी, एलन लक्ष्मी, पुढे भारतात सेवेसाठी परतली. प्रभूच्या सान्निध्यातील विसाव्यावर तिने रचलेले इंग्रजी गीत अनेक मंडळ्यांत गाइले गेले. बापलेकींचे स्वभाव निराळे, पण आश्रय एकच. १८९५ साली गोरे मुंबईत प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

वाचकहो, आज आपणांपैकी कोणी आजाराने खचले असेल, कोणाची नोकरी गेली असेल, कोणी नुकतेच कबरस्तानातून रित्या घरी परतले असेल. प्रार्थनेचे शब्दही ओठांवर येत नसतील. अशा बंधूला किंवा भगिनीला "तुमचा विश्वासच कमी पडला" असे म्हणण्याचे पाप आपल्या मंडळीकडून न घडो. त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना प्रार्थना जमत नसेल तेव्हा आपण त्यांच्यासाठी ती करावी.

आणि झगडणारे आपण स्वतःच असू, तर आजचे नेमून दिलेले काम आज करावे, मोडके शब्दही प्रभूपुढे मांडावेत आणि शंका संपण्याची वाट न पाहता त्याच्या मेजाशी यावे. आपली पकड सैल पडली, तरी ज्याने आपणांस धरले आहे त्याचा हात सैल पडत नाही.