सरासरीची स्थिरता आणि इच्छास्वातंत्र्य

विवाह आणि गुन्हे यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ सारखेच राहते, याकडे बेल्जियमच्या केतले यांनी एकोणिसाव्या शतकात लक्ष वेधल्यावर युरोपात एक धर्मशास्त्रीय पेच उभा राहिला: माणसाची कृती आकड्यांच्या नियमाने बांधलेली असेल, तर पापाचा धनी कोण? सेमिनरीत शिकलेले मॉस्कोचे गणिती पावेल नेक्रासोव यांनी १९०२ मध्ये या पेचातूनच श्रद्धेला आधार शोधला. निरीक्षणे वाढली की त्यांची सरासरी एका ठरावीक मूल्याजवळ स्थिरावते, हा मोठ्या संख्यांचा नियम निरीक्षणे परस्परनिरपेक्ष असतील तरच लागू होतो. तो समाजाला लागू होतो. म्हणून माणसे आपल्या इच्छेने वागतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

यातले पहिलेच विधान पीटर्सबर्गचे आंद्रेई मार्कोव यांनी १९०६ मध्ये खोडून काढले. (टॉलस्टॉयप्रमाणे आपल्यालाही बहिष्कृत करावे, असा अर्ज १९१२ मध्ये चर्चकडे करणारे हे गृहस्थ, तेव्हा वाद निव्वळ गणिताचा नव्हता.) परस्परनिरपेक्षता तपासण्याची कसोटी अशी: समष्टीतून, म्हणजे अभ्यासविषय असलेल्या संपूर्ण समूहातून, सारख्या आकाराचे अनेक नमुने घेतले, तर त्यांच्या सरासऱ्यांचेही एक वितरण तयार होते आणि निरीक्षणे परस्परनिरपेक्ष असल्यास त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचे माप, मूळ विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाने भागून मिळते. मार्कोव यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील २०,००० अक्षरांचे शंभर-शंभरांचे २०० गट पाडले. गटामागे सरासरी ४३.१९ स्वर आले. अक्षरे परस्परनिरपेक्ष असती, तर गटांतील स्वरसंख्येचे, म्हणजे सरासरीच्या शंभरपटीचे, विचलन सुमारे ४.९५ असते, प्रत्यक्षात ते २.२६च भरले, कारण स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, तर व्यंजनानंतर ०.६६३ होती. प्रसामान्य वक्राने हिशेब केला, तर एखादा गट सरासरीपासून पाचाहून अधिक ढळण्याची संभाव्यता पहिल्या गृहीतकानुसार सुमारे ३१ टक्के आणि प्रत्यक्ष विचलनानुसार तीन टक्क्यांहूनही कमी येते.

अक्षरे एकमेकांवर अवलंबून असूनही सरासरी स्थिर राहिली. न्यायदर्शनाच्या परिभाषेत नेक्रासोव यांचा हेतू, म्हणजे सरासरीची स्थिरता हे कारण, व्यभिचारी (अनियत) ठरला, कारण साध्य, म्हणजे परस्परनिरपेक्षता, नसतानाही तो आढळतो. मात्र यातून नियतिवाद सिद्ध झाला असे मानणेही घाईचे होईल, कारण अवलंबन सरासरीत नव्हे, तर तिच्या पसाऱ्यात दिसते आणि पसाराही सांगतो तो गटाविषयीच. शिवाय नेक्रासोव यांचे पहिले विधान खरे ठरले असते, तरी त्यांचा निष्कर्ष निघाला नसता: फाशांची दाने एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात, पण त्यावरून फाशांना इच्छा असते असे कोणी म्हणत नाही.